तिथी पाहून गळ टाका

गोदावरीचे आम्हा नाशिककरांवर अनंत उपकार आहेत. पण एका बाबतीत तिने आपल्याला अंमळ गाफील करून ठेवले आहे. त्र्यंबकच्या डोंगरात ती जन्मते तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरांवर. पण बाईसाहेबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि १,४६५ किलोमीटरांची पायपीट करून बंगालचा उपसागर गाठला! तिच्या काठी वाढलेल्या माणसाची पाण्याविषयी काय कल्पना होणार? पाणी वरून येते, खाली जाते, आणि पावसाळ्यात पूर आला म्हणजे ते दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढले हे पाहण्यासाठी आपण छत्री घेऊन बाहेर पडतो. एकाच दिवसात पाणी दोनदा येते आणि दोनदा परत जाते, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात आपल्याला पाठ असते. अंगात मुरलेली नसते.

आता भाऊबीज आटोपली की निम्मे नाशिक कोकणात उतरेल. कोणी जव्हार-विक्रमगडावरून पालघरकडे वळून केळव्याला जाईल, कोणी अलिबाग-नागावला, कोणी दिवेआगर, मुरूड-हर्णै, गुहागर असे करीत थेट तारकर्लीपर्यंत. चिवड्याचा डबा, मुलांचे जादा कपडे, आजोबांच्या गोळ्या, सगळे आठवणीने घेतले जाते. आणि मग समुद्रावर पोहोचल्यावर काय होते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिल्या दिवशी पाण्यात धिंगाणा, मग भेळ, मग घोडागाडी. दुसऱ्या दिवशी दुपारी मुले विचारतात, “आता काय करायचं?” आणि वडील माणसे खिशातून भ्रमणध्वनी काढून बसतात.

या प्रश्नाला माझे उत्तर आहे: गळ टाकायचा. मासा मिळेलच असे नाही. न खाणाऱ्या घरातील मंडळींनीही नाक मुरडण्याचे कारण नाही. धरलेला मासा सोडून देता येतो. तरीही हा उद्योग मी आग्रहाने सुचवतो, कारण समुद्राकडे नीट पाहायला भाग पाडणारे याच्याइतके सोपे साधन दुसरे नाही. आणि समुद्राकडे नीट पाहणे ही चैन नव्हे. पुढे येईलच ते.

कोकणात याला ‘गरवणे’ म्हणतात. गळ म्हणजे गरी, आणि गरी टाकून मासे धरायला जायचे म्हणजे गरवायला जायचे. नायलॉनच्या दोरीला ‘तंगूस’ म्हणतात. फेकून उघडणारे गोल जाळे ते ‘पाग’, आणि ते टाकणे म्हणजे पागणे. ओहोटीला ‘सुकती’ हा सुंदर शब्द आहे. मराठीच्या वर्गात मी ‘उधाण’ या शब्दाचे वाक्य विचारले तर पन्नास विद्यार्थी ‘आनंदाला उधाण आले’ असे एका सुरात सांगतात. ‘भांग’ विचारला तर निम्मे केसांकडे हात नेतात आणि उरलेले गालातल्या गालात हसतात! अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाणाची भरती म्हणतात आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला भांगाची. एक शब्द आपण अलंकार म्हणून ठेवून घेतला आणि त्याचा जोडीदार किनाऱ्यावरच सोडून आलो. गळ टाकायचा तर हे दोन्ही शब्द लागतात.

दाभोळच्या धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ बाटलीला गुंडाळलेला तंगूस पाण्यात सोडून निवांत बसले होते. त्यांना मी विचारले, “इथे मासा साधारण किती वाजता लागतो?” त्यांनी माझ्याकडे न पाहताच म्हटले, “येळेचं काय सांगू साहेब? आज तिथ कोणची ती सांगा.”

सारे शास्त्र त्या प्रश्नात आहे, आणि गंमत अशी की त्याचे उत्तर प्रत्येक नाशिककराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले असते. एकादशी केव्हा, संकष्टी केव्हा, चंद्रोदय किती वाजता हे पाहण्यासाठी आपण जी दिनदर्शिका उलटतो, तीच समुद्राचे वेळापत्रक आहे. कोकणातला जुना हिशेब असा: जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन; म्हणून दुपारी ३ वाजता आणि पहाटे ३ च्या सुमारास पाणी काठोकाठ. अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच नियम. पौर्णिमेला आणि अमावास्येला बारा वाजता पाणी भरते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आत-बाहेर ओहोटी संपते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. तिथीमागे पाऊण तास धरण्यातले इंगित ते हेच.

हा हिशेब मुंबई-अलिबागच्या आसपासचा आहे. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईच्या थोडी आधी होते. अष्टमी-नवमीच्या सुमारास अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. काटेकोर वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि हल्ली ती भ्रमणध्वनीवरही दिसतात. पण यंत्रात पाहिलेली वेळ पाच मिनिटांत विसरते. बोटांवर मोजलेली राहते. मुलांना पाऊणकी शिकवण्याची ही शेवटची संधी म्हणायला हरकत नाही.

दिवाळीपुरते गणित मांडून पाहू. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, म्हणजे भरती दुपारी बाराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. पाडव्याला पाऊण वाजता, भाऊबीजेला दीडला. हे उधाणाचे दिवस: पाणी खूप चढते, खूप उतरते आणि त्याला वेग फार. जाणते लोक या दिवसांत खूश असतात, कारण पाणी हलले की मासा हलतो. पण नवख्या माणसाचे शिसे त्या ओढीत एका जागी ठरत नाही आणि भरतीची वेळ नेमकी भर उन्हात येते. त्यापेक्षा चार दिवस थांबावे. पंचमीला भरती पावणेचारला, सप्तमीला सव्वापाचला, अष्टमीला सहाला. पाणी भांगाचे, म्हणजे संथ, ऊन उतरलेले, आणि माशांच्या खाण्याची वेळ जी तिन्हीसांजेची, तिलाच भरती येऊन मिळते. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास, एवढाच गळ टाकायचा. माझे ऐकाल तर भाऊबीज घरी निवांत साजरी करून पंचमीच्या सकाळी गाडी काढा. तोवर रस्त्यावरची गर्दीही ओसरलेली असते.

पाणी भरताना सारख्या वेगाने भरत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. सहा तासांच्या भरतीचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मी भरती येऊन जाते. डहाणूपासून अलिबागपर्यंतचे किनारे सपाट आहेत. ओहोटीला पाणी पार लांब जाते. अलिबागला तर कुलाब्याच्या किल्ल्यात पायी चालत जाता येते. अशा सपाट पुळणीवर पहिला तासभर पाणी जागचे हलत नाही असे वाटते, आणि मग ते एकदम धावत सुटते. तेही समोरूनच नव्हे, तर आपल्या पाठीमागच्या सखल भागातून! शिंपल्या वेचीत आत गेलेल्या मंडळींच्या लक्षात येते तेव्हा किनारा आणि आपण यांच्यामध्ये ओढा तयार झालेला असतो. उधाणाच्या दिवशी मुंबईला भरतीचे पाणी साडेचार मीटरांच्याही वर जाते. गोव्याकडे ते त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. तेव्हा उत्तरेकडे जाणाऱ्यांनी हे अधिक लक्षात ठेवावे.

आता गळ टाकायचा कुठे? नवखा माणूस किनाऱ्यावर उभा राहतो आणि अंगात असेल नसेल तेवढे बळ एकवटून शिसे क्षितिजाकडे भिरकावतो. मासा बहुतेक वेळा त्याच्या निम्म्या अंतरावर, कधी तर गुडघाभर पाण्यात असतो. पुळण वरून सपाट दिसली तरी पाण्याखाली ती सपाट नसते. लाटा वाळू ढकलून तिचे उंचवटे करतात, आणि दोन उंचवट्यांच्या मधे, किंवा उंचवटा आणि काठ यांच्या मधे, खोलगट घळ राहते. लाटेने उकरलेले किडे, लहान खेकडे, कोळंबीची पोरे या घळीत वाहून येतात आणि मासे तिथेच चरत फिरतात.

ही घळ ओळखायची कशी? ओहोटीला जाऊन पाहावे, हा उत्तम मार्ग. सकाळी पाणी उतरले असताना काठाने चालत जायचे, जिथे पाण्याचा लांबट डोह साठलेला दिसेल ती जागा हेरायची आणि मागच्या सुरूच्या बनातले एखादे वाकडे झाड किंवा एखाद्या घराचे कौलारू छप्पर खूण म्हणून धरायचे. संध्याकाळी भरतीला सगळे पाणी एकसारखे दिसू लागते तेव्हा त्या खुणेसमोर उभे राहायचे. ओहोटी पाहायला जमले नाही तर लाटांकडे पाहावे. उथळ उंचवट्यावर लाट फुटते आणि फेस पांढरा दिसतो. जिथे लाट फुटतच नाही, पाणी जरा काळसर आणि शांत दिसते, फेसाच्या दोन पट्ट्यांमध्ये अशी एक वाट मोकळी राहिलेली असते, तिथे खाली घळ आहे. गळ तिथे जाऊ द्या.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी या लेखाला हात घातला. सहकुटुंब सहलीला गेलेला, नदीकाठचा माणूस किनाऱ्यावर येऊन विचार करतो: मुलांना कुठे खेळू द्यावे? इकडे लाटा फुटताहेत, मोठा आवाज होतो आहे, फेस उसळतो आहे. तिकडे मात्र पाणी कसे शांत आहे. तो मुलांना शांत पाण्याकडे नेतो. नदीच्या हिशेबाने त्याचे बरोबर असते. समुद्राच्या हिशेबाने त्याने मुलांना नेमके घळीत नेऊन सोडलेले असते. लाटांनी काठावर आणून टाकलेले पाणी परत जायला वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे ही शांत पट्टी. तिथे पाणी वर उसळत नाही, कारण ते आत ओढत असते. बारकाईने पाहिले तर त्या पट्टीतून गढूळ वाळू आणि फेसाचे तुकडे समुद्राकडे सरकताना दिसतात. मासे धरणाऱ्याची जी लक्ष्मी, तोच पोहणाऱ्याचा काळ.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्यांपैकी डझनाहून अधिक तरुण विद्यार्थी बुडाले. अशी बातमी आली की दोन दिवस आपण हळहळतो आणि ‘समुद्राचा काही भरवसा नाही’ असे म्हणून मोकळे होतो. समुद्राइतका भरवशाचा दुसरा कोण आहे? महिनाभर आधी त्याची वेळ सांगता येते! आपल्याला त्याची लिपी येत नाही, एवढेच. जो मुलगा दोन संध्याकाळी गळ घेऊन घळ शोधत हिंडला, तो पुढे जन्मभर शांत पाण्याला भुलणार नाही. आणि तरीही कोणी ओढीत सापडलाच तर त्याने सरळ काठाकडे झुंज देऊ नये. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत जावे. ती ओढ रुंदीला थोडी असते; तिच्या बाहेर पडले की लाटाच माणसाला काठाकडे आणतात. गळ टाकणाऱ्याने गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नये. मासा आपल्याकडे येतो, आपण त्याच्याकडे जायचे नसते. गणपतीपुळ्यासारख्या उतरत्या पुळणीवर तर गुडघाभर पाण्यातही नको. तिथे दोन पावलांत खोली लागते, आणि म्हणूनच काठावर उभ्याने टाकलेला गळही पुरेसा खोल जातो.

सामानाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, जरी दुकानदाराचे मत वेगळे असेल. पुळणीवर लाटांच्या पलीकडे गळ टाकायचा तर १० ते १२ फुटी काठी आणि चक्री लागते. धक्क्यावर ६-७ फुटी काठी पुरते, आणि खरे म्हणजे नुसता हातदोरही पुरतो. तंगूस ०.३५ ते ०.४० मिलीमीटर जाडीचा असावा. पुळणीवर ६० ते १०० ग्रॅमचे शिसे, धक्क्यावर त्याहून हलके. शिसे दोरीच्या टोकाला बांधून गळ त्याच्या वीतभर वर, बाजूला काढलेल्या आखूड दोरीवर बांधावा. गळाच्या आकड्यांचा कारभार उलटा आहे: आकडा मोठा तितका गळ लहान. मुडदुशीसाठी ८ किंवा १० नंबर, शिंगाळा-ढोमीसाठी २ नंबरच्या आसपास. गळ मोठा घेतला म्हणजे मासाही मोठा येईल, ही समजूत सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात लहान गळाला मोठा मासा लागतो, पण मोठा गळ लहान माशाच्या तोंडात जातच नाही. गाठ बांधताना दोरीचे टोक स्वतःभोवती पाच वेळा गुंडाळून मागे ओवावे, आणि आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडा तंगूस घासून तापतो आणि कच्चा होतो. सगळे जण ती थुंकीने ओली करतात. आजी बरोबर असल्यास पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

काठी टेकवायला हातभर पाइपाचा तुकडा वाळूत रोवला की झाले. पण मुलांना सुरुवातीला काठी हातातच धरू द्या, आणि दोरी तर्जनीवरून जाऊ द्या. लाटेचा हिसका संथ, लांब असतो. माशाचा हिसका टक्‌-टक्‌ असा, दार ठोठावल्यासारखा. हा फरक बोटाला एकदा कळला की पोरे जेवायलासुद्धा उठत नाहीत.

आमिष म्हणून कोळंबीला तोड नाही. सकाळी बाजारात अर्धा पाव ताजी घ्यावी. बर्फातली पांढरी पडलेली नको. डोके काढून, शेपटीकडून गळात ओवावी, टोक किंचित उघडे ठेवावे. माकूल कापून त्याच्या चिंचोळ्या पट्ट्या केल्या तर त्या गळावर जास्त टिकतात, आणि लहान मासे त्या कुरतडून पळवू शकत नाहीत. मांदेलीचे तुकडेही चालतात. बोय हा मासा, ज्याला रायगडकडे बोईट आणि गोव्यात शेवटो म्हणतात, धक्क्याभोवती थव्याने हिंडतो, अगदी डोळ्यांसमोर उड्या मारतो; पण तो कोळंबीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला कणकेच्या मऊ गोळ्या लहानशा गळावर द्याव्यात. शाकाहारी कुटुंबांनी आमिषाचा प्रश्न असा सोडवावा.

धक्क्यावरचे शास्त्र पुळणीच्या उलट आहे. इथे दूर फेकायचे नाही. सरळ खाली सोडायचे. धक्क्याच्या खांबांना कालवे आणि शिंपले चिकटलेले असतात, त्यांच्या आश्रयाला खेकडे, लहान मासे, आणि त्यांना खायला मोठे मासे. तांबोसा अशाच अडचणीच्या जागी दबा धरून असतो, आणि गळ लागला की पहिल्या झेपेतच खांबाआड शिरून दोरी कापतो. म्हणून हिसका बसताच त्याला दोन हात वर उचलायचे, मग कौतुक करायचे. खाडीच्या मुखाशी असलेले धक्के सर्वांत चांगले. दाभोळ, जयगड, दिघी, आगरदांडा ही नावे नकाशात पाहा. प्रत्येक ठिकाणी खाडी समुद्राला मिळते. अशा जागी भरतीइतकाच ओहोटीचा पहिला तास महत्त्वाचा. खाडीत शिरलेली कोळंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर येऊ लागते आणि मोठे मासे वाटेत उभे असतात. रायगडातला प्रसिद्ध जिताडा असाच धरला जातो. पण तो पहिल्या दिवशी लागला तर लॉटरीचे तिकीटही काढावे.

एक विनंती. धक्का ही सहलीची जागा नसून कोणाच्या तरी पोटाची जागा आहे. होड्या लागतात, माल उतरतो, तरीतून गाड्या जातात. फेरीबोट यायच्या वेळी दोरी वर घ्यावी, होड्यांच्या दोरखंडांवर बसू नये, आणि तिथे रोज बसणाऱ्याच्या शेजारी जाऊन त्याच्याच जागी गळ टाकू नये. त्याला विचारावे. दहापैकी नऊ वेळा तो आपल्या आमिषातले थोडे आमिष काढून देईल आणि तुमची गाठ सोडून पुन्हा बांधून देईल. सोसायटीच्या शेजाऱ्यापेक्षा हे बरे.

मासा वर आला की आनंदाच्या भरात त्याला मुठीत धरायचे नाही. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बगलांत एकेक असे तीन दातेरी काटे असतात, आणि ते विषारी असतात. नवख्याच्या गळाला सर्वांत आधी हाच लागतो, म्हणून हे सांगणे. फडक्यात धरून पकडीने गळ काढावा, नाहीतर दोरी कापून मोकळे व्हावे. पाकट वाळूत अंग पुरून बसते आणि तिच्या शेपटीला काटा असतो. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांना पाकटांनी जखमी केले होते. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी घसटत चालावे. चाहूल लागली की ती निघून जाते. यातले काही टोचलेच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवावी, त्याने वेदना उतरते, आणि मग डॉक्टर गाठावा. फुगून चेंडूसारखा होणारा केंड दिसायला मोठा गमतीचा, पण त्याचे विष शिजवूनही जात नाही. त्याला पाण्यातच परत पाठवावे. वाळूवर पडलेला समुद्रसाप मेलेला वाटला तरी त्याला काठीनेही डिवचू नये. आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करीत येतो, तेव्हा उघड्या पुळणीवर बारा फुटी कार्बनची काठी उभी धरणे म्हणजे विजेला हात करून बोलावणे होय. ढग वाजला की काठी आडवी करून घर गाठायचे.

पुळणीवर काठी मागे नेऊन फेकताना पाठीमागे कोण आहे हे दर वेळी पाहावे. गळ बोटात शिरला तर ओढून काढू नये. त्याला उलटे टोक असते, आणि ते आत गेलेले असेल तर ते डॉक्टरचे काम आहे. तुटलेला तंगूस वाळूत टाकून येणारा माणूस मात्र माझ्या मते शिक्षेस पात्र आहे. तो कुजत नाही, आणि बगळ्या-कुररींचे पाय त्यात अडकून तुटतात.

मुलांना गळ देताना मुलींना विसरू नका. आपल्याकडे काठी भावाच्या हाती आणि डबा बहिणीच्या हाती देण्याची रीत आहे. माझ्या पाहण्यात धीर धरून बसण्याचे काम मुलींना अधिक साधते. मुलगे दर दोन मिनिटांनी दोरी वर ओढून ‘लागला का’ पाहतात, आणि मासा बिचारा आमिषाजवळ आलेला परत जातो. लहानांना मुडदुशीपासून सुरुवात करून द्यावी. चंदेरी, सडपातळ, वीतभर मासा, लाटेच्या अगदी काठाशी वाळूत तोंड खुपसून खाणारा. त्याला नखाएवढा कोळंबीचा तुकडा पुरतो, काटे टोचत नाहीत, आणि तव्यावर त्याच्याइतका गोड मासा विरळा.

बोटभर लांबीचे मासे मात्र सोडून द्यावेत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. तिच्याहून लहान मासा धरू नये, तो एकदा तरी वाढून अंडी घालू दे, हा त्यातला हेतू. तो नियम बाजाराला आणि नौकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, पण हौशी माणसाने तो आपणहून पाळायला काय हरकत? सोडताना हात आधी समुद्राच्या पाण्यात ओले करावेत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरू शकतो. पोटात गेलेला गळ उपटू नये, दोरी तोंडाशी कापावी.

आणि काहीच लागले नाही तर? बहुधा तसेच होईल. हर्णैच्या बाजूला असाल तर संध्याकाळी बंदरावर जा; होड्या येतात, वाळूवर मासळीच्या राशी पडतात आणि लिलाव पुकारला जातो. मालवण-तारकर्लीकडे असाल तर पहाटे उठा आणि रापण लागली आहे का ते पाहा. अर्धवर्तुळात समुद्रात सोडलेले ते लांबच लांब जाळे, दोन्ही टोकांना दोरखंड धरून वाळूत टाचा रोवून ओढणारी माणसे. नुसते उभे राहून छायाचित्रे काढू नका. मागे जागा असेल तर विचारून दोराला हात लावा. दोर ओला असतो, तळहात सोलतात, आणि जाळे काठाशी यायला बराच वेळ लागतो. जाळे वाळूवर आले की वाटे पडतात. हात लावणाऱ्या पाहुण्याच्या पोरांपुढेही कोणीतरी ओंजळभर तारल्या टाकतो.